वाघूळ झोपतं अभयारण्यात, जेवतं आपल्या शिवारात



आठ-दहा दिवस इथं काही लिहिलं नाही. रोपलावण चालू होती. संध्याकाळी चिखलातनं पाय निघाला की थेट अंथरुणात. काल खालचा शेवटचा तुकडा लावून झाला. भाताची नोंद थोडक्यात: तरवा लावताना शेंडे खुडून लावलाय, खोडकिडीची अंडी शेंड्यालाच असतात म्हणून. वाफ्यात पाणी दोन बोटं. युरिया अजून दिलेला नाही, आणि शेजारच्याचं बघून देणारही नाही. दर अडीच-तीन मीटरला एक फुटाचा पट्टा मोकळा सोडलाय. त्यावरनं घरात बोलणी खाल्ली, "एवढी जागा वाया घालवलीसा" म्हणून. तुडतुडे लागले की त्या पट्ट्याची किंमत कळते, त्याआधी कुणाला पटत नाही.

आता आजचा खरा विषय. वाघूळ.

मागच्या आठवड्यात खत आणायला खानापूरला गेलो होतो. टपरीवर चहा घेताना भीमगडचा विषय निघाला. तळेवाडीच्या लोकांना पैसे मिळाले, कोण कुठं घर बांधतोय, बाकीच्या गावांचं काय होणार, हीच चर्चा सध्या सगळीकडं आहे. त्यात एक तरणा पोरगा म्हणाला, "काका, एका वाघळापायी गावं उठवायलेत बघा. त्या वाघळाचा आम्हाला उपयोग काय?" सगळे हसले. मीपण हसलो. पण गाडीवर दोन पोती टाकून घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातनं जाईना. कारण प्रश्न चुकीचा नाही. शेतकरी गाय घेतानासुद्धा हाच प्रश्न विचारतो.

बाहेरच्या मित्रांना सगळं माहीत नसेल म्हणून जरा सांगतो. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यातला, गोव्याला खेटून. इथल्या डोंगरात भीमगडचा किल्ला आहे, म्हादई नदी याच रानात उगम पावते. डिसेंबर २०११ मध्ये कर्नाटक सरकारनं इथलं सुमारे १९० चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून जाहीर केलं. आत गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, कृष्णापूर, तळेवाडी अशी मराठी बोलणारी छोटी छोटी गावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भात, नाचणी, थोडी गुरं. आणि याच रानात बारापेडेच्या गुहा आहेत.

या गुहेत एक वाघूळ राहतं. इंग्रज काळात, १९११ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी चालवली होती. त्या पाहणीत बारापेडेच्या गुहेतली ही वाघळं सापडली आणि १९१३ मध्ये ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्यांचं वर्णन छापलं. नाव दिलं रॉटन यांचं. रॉटन हे मुंबई इलाख्यातले जंगल खात्याचे अधिकारी, ही पाहणी ज्यांच्या धडपडीनं चालली त्यांपैकी एक. शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटोनी. रंग चॉकलेटी, मानेवर राखी पट्टा, कान एवढे मोठे की नाकावर पुढं झुकलेले आणि मधे एकमेकांना जोडलेले. आणि शेपटी पडद्याच्या बाहेर मोकळी, उंदरासारखी. विसावं शतक संपेपर्यंत हे वाघूळ सगळ्या जगात फक्त या एका गुहेतनंच माहीत होतं. नंतर मेघालयातल्या गुहांत सापडलं, कंबोडियात सापडलं. तरी आपल्या बारापेडेतली संख्या हजारांत नाही, शेकड्यांतच मोजायची.

भारतात वाघळांच्या सव्वाशेच्या आसपास जाती आहेत. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, कित्येक वर्षं त्यातल्या दोनच होत्या. एक हे, आणि दुसरं दक्षिणेतलं सालिम अलींच्या नावाचं फळं खाणारं वाघूळ. बाकीची फळं खाणारी वाघळं त्याच कायद्यात उंदीर आणि कावळ्याबरोबर उपद्रवी म्हणून लिहिलेली होती. ती उपद्रवींची यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे तोपर्यंत सरकारच्या लेखी एक वाघूळ वाघाएवढं आणि दुसरं उंदराएवढं. आपण गावात वाघळाला अपशकुनी म्हणतो त्याला नावं ठेवायला नको, कायदापण आपल्यासारखाच होता.

तर आता उपयोग. इथं मी खोटं बोलणार नाही. बारापेडेच्या शेकड्यातल्या वाघळांनी खानापूर तालुक्याचं भात वाचतं असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर त्याला भाताचं क्षेत्र किती ते विचारा. एवढ्याशा वाघळांनी तेवढं शिवार राखलं जात नाही. काही पर्यावरणवाले मित्र हाच हिशेब पुढं करतात आणि मग शेतकरी त्यांना हसतो. त्यांनी हसवून घेऊ नये.

पण त्याच्या भाऊबंदांचा हिशेब मात्र झालेला आहे, आणि तो वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. मोकळ्या शेपटीच्या वाघळांचं एक कुळ आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओ शहराजवळ ब्रॅकन नावाची गुहा आहे, तिथं याच कुळातली दीड-दोन कोटी वाघळं उन्हाळ्यात राहतात. ती रात्री उंच उडून पतंग खातात. कुठले पतंग? कापसाच्या बोंडातली आणि मक्याच्या कणसातली अळी ज्यापासनं होते ते. आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीची ती सख्खी चुलत बहीण. २००६ मध्ये तिथल्या आठ काउंट्यांच्या कापूस पट्ट्याचा हिशेब काढला. वाघळांमुळं वाचलेलं पीक आणि वाचलेली फवारणी मिळून वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर. त्या पट्ट्यातला सगळा कापूसच ४६ ते ६४ लाख डॉलरचा. म्हणजे सहा-आठ रुपयांच्या मालामागं रुपयाभर वाघळाचा.

दुसरा हिशेब आपल्याला जास्त जवळचा, कारण तो भाताचा आहे. थायलंडमध्ये याच कुळातलं एक वाघूळ पांढऱ्या पाठीचे तुडतुडे खातं. हे तुडतुडे ओळखीचे आहेत ना? बुडख्याला बसून रस शोषतात, आणि पिवळं पडायला लागलं की आपण कृषी केंद्रात धावतो तेच. २०१४ च्या अभ्यासात असा अंदाज निघाला की ही वाघळं तिथं वर्षाला २,९०० टनांच्या आसपास भात वाचवतात, सव्वीस हजारांवर माणसांना वर्षभर पुरेल एवढा. तिथल्या रातचबुरी प्रांतात एका बौद्ध मठाच्या ताब्यात अशा वाघळांची मोठी गुहा आहे. मठ गुहेवर राखणदार ठेवतो आणि खाली पडलेली लेंडी खत म्हणून विकतो. वाघूळ मारून खाणाऱ्यांना अडवलं तेव्हा लेंडीचं उत्पन्नच वाढलं. उपयोग काय, हा प्रश्न त्या गावात कुणी विचारत नसावा.

आणि तिसरा, जो मला सगळ्यात जास्त लागला. अमेरिकेतच एका बुरशीच्या रोगानं २००६ पासून गुहेतली वाघळं लाखोंनी मेली. २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला. ज्या भागात वाघळं मेली तिथं शेतकऱ्यांनी कीटकनाशक सरासरी ३१ टक्के जास्त वापरलं, आणि त्याच भागात तान्ह्या बाळांचे मृत्यू जवळपास ८ टक्क्यांनी वाढले. शेतकऱ्याला वाघळं कमी झाल्याचं कळलंसुद्धा नसेल. त्याला फक्त एवढंच दिसलं असेल की यंदा अळी जास्त आहे, एक फवारणी वाढवूया. आपणही तसंच करतो. अळी का वाढली हे कोण विचारतो? दुकानदार तर नक्कीच नाही.

आता घरचं बोलतो. माझ्या लहानपणी आमच्या घराला मंगळुरी कौलं होती. तिन्हीसांजेला कौलाच्या फटीतनं पाकोळ्या निघायच्या. बाहेरच्यांनी ध्यानात घ्या, आमच्याकडं लहान ती पाकोळी, मोठं ते वाघूळ. कंदिलाभोवती फिरायच्या, आजी म्हणायची डास खातात, मारू नका. २००९ मध्ये आम्ही स्लॅब टाकला. पाकोळ्या गेल्या. गावात आता कौलाची घरं बोटावर मोजण्याएवढी. जुनी विहीर बुजवली, पडका वाडा पाडला, ढोलीचं आंब्याचं झाड रस्त्यात गेलं. कुणी वाघळं मारली नाहीत हो. फक्त त्यांची घरं आपल्या घरांबरोबर सुधारली. आणि फवारणी तेव्हा भाताला शून्य होती, आता दोन तरी होते. हे सगळं पाकोळ्या गेल्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. वाण बदलले, युरिया वाढला, गच्च लावण आली. पायरेथ्रॉइड मारून तुडतुडे उलट वाढवणारेही आपणच. पण रात्रपाळीचे मजूर आपण हजेरी न घेताच कमी केले, एवढं खरं.

मग बारापेडेचं वाघूळ या सगळ्यात कुठं बसतं? माझं मत असं. त्याचा उपयोग विचारूच नये. जगात दोन-तीन ठिकाणीच उरलेली वस्तू आपल्या तालुक्यात आहे, ती राखायची, एवढंच. घरातल्या जुन्या देवाच्या टाकाचा उपयोग आपण विचारत नाही, वाटणी झाली तरी तो कुणाकडं तरी जपून जातो. पण ते राखायचं कसं, हे मात्र आपल्याशी बांधलेलं आहे, आणि इथंच सगळे चुकतात असं मला वाटतं.

हिशेब बघा. अभयारण्य १९० चौरस किलोमीटर. ते गोल धरलं तर मधनं काठापर्यंत आठ किलोमीटरसुद्धा भरत नाही. मोकळ्या शेपटीच्या वाघळांचे पंख लांब आणि अरुंद, जोरात आणि उंच उडणारे. टेक्सासची त्यांची भावकी एका रात्रीत पन्नास किलोमीटर जाऊन चरून येते. बारापेडेचं वाघूळ अभयारण्याच्या पाटीपाशी येऊन माघारी वळत असेल असं मला तरी वाटत नाही. ते झोपतं सरकारच्या रानात आणि जेवतं आपल्या भातावर, उसावर, मक्यावर. गुहेचं तोंड सरकारनं राखलं. त्याचं ताट आपल्या हातात आहे. त्या ताटात आपण काय मारतो, कधी मारतो, किती मारतो, यावर ते जगणार की नाही हे निम्मं ठरतं. आणि असं असताना अभयारण्याच्या बैठकीत शेतकऱ्याला बोलावतात कशाला? तर नियम ऐकवायला. हे करू नका, ते करू नका. भागीदार म्हणून कुणी विचारत नाही.

आता आपली बाजू. ती लिहिली नाही तर तुम्हीच मला सोडणार नाही.

दोन वर्षांमागं माझ्या वरच्या तुकड्यात गवे शिरले. कापणीला आठ दिवस होते. एका रात्रीत अर्धा एकर आडवा. सकाळी मेरेवर उभा राहिलो तेव्हा ओंब्या चिखलात रुतलेल्या, मधनं खुरांची वाट. पंचनामा झाला, फोटो काढले, उतारा, आधार, पासबुक सगळं दिलं. एका कार्यालयातनं दुसऱ्या कार्यालयात पाच खेपा. पैसे आले तेव्हा दुसरं भात कापून झालं होतं, आणि आले ते खताच्या बिलालासुद्धा पुरले नाहीत. त्या महिन्यात मला कुणी येऊन वाघळाचं महत्त्व सांगितलं असतं तर मी त्याला मेरेवरनं ढकललं असतं. त्यामुळं टपरीवरच्या पोराचा राग मला कळतो.

हा राग कुठं जातो ते आपल्या डोंगराच्या पलीकडंच बघितलंय. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या बाजूला, म्हादई अभयारण्यात, गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेलेले सापडले. त्याआधी वाघानं गुरं मारली होती. विष घालणं गुन्हाच, त्यात दुमत नाही. पण दूध घालणारी म्हैस गेल्यावर आठ दिवसांत दारात पैसे आले असते तर चार वाघ जिवंत असते, असं मला राहून राहून वाटतं. वाघाला विष घालतो तो दिसतो तरी. वाघळाला घालायला विष लागतच नाही. गुहेच्या तोंडाशी ओल्या पाचोळ्याचा धूर केला की झालं. कुणाला कळणारही नाही.

म्हणून मी म्हणतो, नुकसानभरपाई वेळेवर देणं हेच गुहेचं कुंपण. लोखंडी गेट नंतर.

तळेवाडीबद्दलपण बोलायलाच पाहिजे. मे २०२५ मध्ये तिथल्या २७ कुटुंबांना स्थलांतराचा पहिला हप्ता मिळाला. कुटुंबामागं १५ लाखांची योजना. लोक स्वखुशीनं जातात असं सांगतात, आणि बऱ्याच जणांचं ते खरंही असेल. रस्ता नाही, दवाखाना नाही, पोरांना शाळा नाही. आत आमगावसारख्या गावातनं पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूला बांधून खांद्यावरनं आणायला लागतं, हे आपण फोनवर बघितलंय आणि काहींनी खांदाही दिलाय. अशा जागेत राहा म्हणून सांगायला माझं तोंड नाही. ज्याला जायचं आहे त्यानं पैसे घेऊन जावं, आणि ते पैसे घरात एका माणसाच्या हातात न पडता बायकांच्या नावावरही पडावेत.

पण "वाघळापायी गावं उठवायलेत" हे बरोबर नाही. वाघळानं कुणाला उठवलेलं नाही. उलट बघा, १९१३ च्या शास्त्रीय नोंदीत या वाघळाचा पत्ता बारापेडे गुहा, तळेवाडीजवळ असाच आहे. लंडनच्या कपाटात त्या वाघळाच्या चिठ्ठीवर आपल्या गावाचं नाव. म्हणजे वाघूळ सापडलं तेव्हा गाव होतं, आणि त्यानंतर शंभर वर्षं दोघं शेजारी राहिले. या शंभर वर्षांत गुहेला गेट नव्हतं, कॅमेरा नव्हता. गुहेत जायचं नाही हे गावालाच कळत होतं. आता गाव उठलं की गुहेच्या शेजारी कोण? जंगलातनं येणारा-जाणारा, मोबाईल घेतलेला. त्या रानातली वाट, कुठल्या महिन्यात गुहेतनं किती वाघळं निघतात, कुठल्या दिशेला जातात, हे ज्यांना माहीत आहे ती माणसं उद्या शहराच्या कडेला वॉचमन होणार. मग त्यांनाच बारापेडेचे राखणदार म्हणून पगारावर का ठेवू नये? रोजंदारीवर नव्हे, तीन महिन्यांचा पगार थकवून नव्हे. दरमहा, बँकेत.

कर्नाटकातच दुसरं उदाहरण आहे. कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळीच्या एका गुहेत एक पानासारख्या नाकाचं वाघूळ आहे, जगात फक्त त्या एका गुहेत, दोनशेच्या आतच. शेजारी ग्रॅनाइटच्या खाणी फोडत होते. खाणकाम थांबवलं आणि गुहेभोवतीची तीस एकर जागा राखीव केली. तीस एकर! आपल्यात एकेका बागायतदाराची तेवढी जमीन असते. म्हणजे जागा फार लागत नाही. नेमकी जागा लागते, आणि तिथं नेमकं माणूस लागतं.

गुहेत फिरायला जाणाऱ्यांना मात्र मी हात जोडतो. मी स्वतः बारापेडेच्या आत गेलेलो नाही आणि जाणारही नाही. या प्राण्यांना वर्षाला बहुतेक एकच पिल्लू. दिवसा आत टॉर्च मारला, फटाका वाजवला, धूर केला की सगळी उडतात, आईला चिकटलेलं पिल्लू खाली पडतं, पडलेलं पुन्हा वर जात नाही. तुमचा व्हिडिओ दोन दिवस चालतो. तिची वर्षाची कमाई गेली. लेंडी गोळा करायला जाणाऱ्यांनाही सांगतो. खत म्हणून वाघळाची लेंडी भारी असते, नत्र आणि स्फुरद दोन्ही, हे मला माहीत आहे. पण अभयारण्यातनं एक पाटीसुद्धा उचलणं गुन्हा आहे. आणि बंद गुहेतल्या वाळलेल्या लेंडीची धूळ नाकात गेली तर हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचा फुप्फुसाचा रोग होतो. शेणखत पाहिजे तर माझ्याकडनं न्या.

कृषी विद्यापीठातले दोघं-तिघं हे पान वाचतात, त्यांना एक मागणं आहे. अमेरिकेत इलिनॉयला मक्याच्या शेतावर संशोधकांनी रोज रात्री जाळी ओढली आणि दिवसा काढली, म्हणजे पक्षी दिवसा येणार, वाघळं रात्री येणार नाहीत. जाळीखालच्या मक्यात अळ्या सुमारे ५९ टक्के जास्त निघाल्या आणि कणसाचं नुकसानही त्याच प्रमाणात वाढलं. प्रयोग किती साधा आहे बघा. खांब, जाळी आणि रोज ओढणारा माणूस. धारवाडच्या विद्यापीठानं हा प्रयोग खानापूरच्या भातावर आणि मक्यावर करावा. २०१८ मध्ये शिवमोग्याला पहिल्यांदा दिसलेली अमेरिकन लष्करी अळी आता आपल्या मक्यात घर करून बसली आहे, तिचे पतंगही रात्रीच उडतात. माझा खालचा अर्धा एकर देतो. जाळी ओढायला मी आणि पोरगा. आकडा कमी आला तरी छापा. टेक्सासचा आकडा सांगून शेतकरी किती दिवस ऐकणार? आपल्या मेरेवरचा आकडा पाहिजे.

तोपर्यंत मी काय करतो ते सांगतो, तुम्ही करा असं नाही. तुडतुड्याची मोजणी केल्याशिवाय फवारत नाही. बुडख्याला झुकून दहा-वीस चूड बघायचे, नुकसानीची पातळी ओलांडली तरच. विहिरीचे कोनाडे सिमेंट करताना दोन मोकळे ठेवले. मेरेवरच्या ढोलीच्या भेरल्या माडाला हात लावलेला नाही. आणि खाली पडलेलं वाघूळ उघड्या हातानं उचलत नाही, चावलं तर रेबीजची सुई घ्यावी लागते, हे पोरांना सांगून ठेवलंय. करोनाच्या वर्षात आमच्या शेजारच्या गावात भीतीनं वडावरची वाघळं फटाके लावून हाकलली होती. त्यांचा काय दोष होता?

आता गावातलं चालू प्रकरण. आमच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय. सभामंडपाच्या वरच्या माळ्यावर पाकोळ्या आहेत, शंभर-दीडशे असतील, गावात शेवटच्या राहिलेल्या. कमिटीचं म्हणणं, घाण होते, वास येतो, आतनं धूर करून भोकं बुजवून टाकू. घाण होते हे खरं आहे, खाली बसून जेवणावळ करायची म्हणजे त्रासच. मी म्हटलं, आता आत पिल्लं असतील, आत्ता बुजवलं तर आतच मरतील आणि मग वास बघा. पिल्लं उडती होऊ देत. मग भोकावर वरनं जाळी सोडूया, खालनं मोकळी, म्हणजे बाहेर निघेल पण आत शिरणार नाही. आठ दिवसांनी बुजवा. आणि मागं तळ्याच्या बाजूला बेलाच्या झाडाजवळ लाकडी फटीची दोन खोकी उंचावर बांधूया, राहिली तर राहिली. एक काका म्हणाले, "तू आता वाघळांची सोसायटी काढ." काढतो म्हटलं.

जाळी आणि बांबू माझ्याकडनं. खोक्याला जुनी फळी कुणाकडं असेल तर सांगा, रंधा मारलेली नको, खडबडीतच पाहिजे, त्यांना धरायला लागते. रविवारी सकाळी नऊला देवळात मीटिंग आहे.